सोमवारच्या विजा

रात्रभर नुसतंच गडगडलं. थेंब म्हणाल तर एक नाही. सकाळी सहाला बघावं तर आभाळ न पिळता दोरीवर टाकलेल्या गोधडीसारखं खाली लोंबत होतं आणि हवा अंगाला चिकटत होती. सबस्टेशनच्या यार्डातली खडी मात्र कोरडी ठणठणीत. ऑपरेटरनं बूट चढवले, गुडघ्यावर हात टेकून उठला, आणि झारी उचलून पहिल्या खड्ड्याकडे निघाला.

अर्थिंगचे खड्डे बारा. यार्डात आलेली आगाऊ वीज, मग ती तारेतली असो की आभाळातली, शेवटी जमिनीत जिरवायची असते. त्यासाठी पट्ट्या आणि नळ्या खोल पुरलेल्या. पण जमीन कोरडी पडली की तीही रुसते, वीज घेत नाही. म्हणून रोज सकाळी खड्ड्यावरचं लोखंडी झाकण उचलायचं, आतल्या नळीच्या नरसाळ्यात दोन झाऱ्या पाणी ओतायचं, झाकण धाडकन टाकायचं. बारा खड्डे, चोवीस झाऱ्या, एकतीस वर्षं. मध्ये एकदा रबरी पाइप आला होता, पण नळाला दाबच नव्हता. पाण्याची धार पाइपातल्या पाइपात झोपून जायची. झारीच बरी.

दुसऱ्या खड्ड्यापाशी रात्रपाळीवाला जांभया देत आला. या सबस्टेशनात माणसं दोघंच. दिवस याचा, रात्र त्याची. रात्रपाळीवाला अंगानं सुटलेला आणि तोंडानंही.

“भाऊ, आज सोमवार.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे म्हणून तर सांगतोय. ती पेटी आज कपाटातच राहू दे. मॅडम येऊ दे, बघून जाऊ दे. मग काय टकटक करायची ती कर. पाहिजे तर मी ढोल घेऊन येतो साथीला.”

ऑपरेटरनं झारी नरसाळ्यात उपडी केली. पाणी गुळगुळ करत खाली गेलं.

“आपण काही खोटं लिहिलंय का?” रात्रपाळीवाला त्याच्यापुढे उकिडवा बसला. “काउंटरवर आकडा दिसला, तो उतरवला. आता तो कशानं वाढला हे आपल्याला कुणी विचारलंय? नाही विचारलं. मग न विचारलेलं सांगायला आपण काय रेडिओ आहोत?”

“तू घरी जा. झोप.”

“जातोच. पण आक्काचा विचार कर. माझं काय, मी कुठंही घोरतो.”

तो गेला. ऑपरेटर तिसऱ्या खड्ड्याकडे वळला. दुखणं वगैरे काही नव्हतं. वर्षानुवर्षं झिरपत आलेला थकवा तेवढा होता, झोपून उठलं तरी उशाशी बसलेला असायचा. चार वर्षं राहिली होती नोकरीची. ती कशीबशी इथंच निघाली की सुटलो, एवढीच त्याची इच्छा. जास्त काही मागत नव्हता तो कुणाकडे.

आता हे टकटक प्रकरण काय, ते सांगायला हवं.

यार्डाच्या वेशीशी, जिथं मोठ्या तारा आत शिरतात, तिथं तीन खांब. बशांवर बशा रचाव्यात तसे, तपकिरी चिनी मातीचे. त्यांना अरेस्टर म्हणतात. तारांवर वीज पडली की हे खांब ती झेलतात आणि खाली जमिनीत सोडतात. प्रत्येकाच्या पायथ्याशी घड्याळाएवढी एक डबी, तिला काचेची खिडकी, खिडकीत आकडा. हा काउंटर. खांबातून एकदा वीज गेली की आकडा एकानं वाढतो. रोज सकाळी तिन्ही आकडे रजिस्टरात उतरवायचे, वर्षाच्या शेवटी प्रत्येकाची वेगळी बेरीज मोठ्या कार्यालयात पाठवायची.

तो नोकरीला लागला तेव्हा इथं एक जुने ऑपरेटर होते. बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. पहिल्याच सोमवारी त्यांनी याला काउंटरपुढे उभं केलं आणि म्हणाले, “हे बघ, आकडा दोन कारणांनी वाढत नाही. एक तर वीज आलेली नसते, नाही तर काउंटर मेलेला असतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून दर सोमवारी नाडी बघायची.” मग त्यांनी कपाटातून जेवणाच्या डब्याएवढी पत्र्याची पेटी काढली. तिला बाजूला दांडी आणि दोन वायरी. दांडी फिरवून पेटीत थोडी वीज साठवायची आणि वायरींची टोकं काउंटरला टेकवायची. टक्. आकडा एकानं वाढला, म्हणजे काउंटर जिवंत.

चष्मेवाले निवृत्त झाले, मग वारलेही. सोमवार काही चुकला नाही. याला टायफॉइड झाला तेव्हा रात्रपाळीवाल्यानं शिव्या देत का होईना नाडी बघितली. आधीच्या रजिस्टरात शेऱ्याचा रकाना होता. तिथं ‘चाचणी’ लिहिलं की वरचे लोक तेवढे आकडे वजा करून घेत. मग एकोणीस वर्षांपूर्वी नवी रजिस्टरं छापून आली, कुणीतरी कागद वाचवला होता, आणि शेऱ्याचा रकानाच गेला. यानं पत्र टाकलं, की आता चाचणी कुठं लिहावी? उत्तर आलं नाही. ज्याला रकाना नाही ते लिहायचं कुठं? दिसेल तो आकडा उतरवत राहिला. वरही कुणी वजा करीना. वर्षाचे बावन्न सोमवार, प्रत्येक काउंटरवर बावन्न टक्.

आणि मग दोन महिन्यांपूर्वी नोटीस आली: हे सबस्टेशन बंद होणार. नदीपलीकडे नवं उभं राहिलंय, ते माणसांशिवाय चालतं. याची बदली शहरात, राहायला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. त्यानं नोटीस घडी घालून खिशात ठेवली आणि बारा खड्ड्यांना पाणी घातलं. करणार काय?

त्यानंतर आठ दिवसांपूर्वी दुसरं पत्र आलं. ‘आपल्या उपकेंद्रात वीज पडण्याचे प्रमाण असाधारण आढळून आले आहे. सबब, आकाशातील विजेपासून वीज साठविता येते काय, याच्या प्रयोगासाठी आपले आवार निश्चित करण्याचा विचार आहे. मंजुरी मिळाल्यास आवार, निवासस्थान व एका ऑपरेटरचे पद कायम राहील. पाहणीसाठी संशोधन अधिकारी सोमवारी येतील.’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्याची छाती फुगली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, की सुटलो, राहिलो इथं. तिसऱ्यांदा वाचताना ‘असाधारण’ या शब्दापाशी त्याचं बोट थांबलं, आणि त्याला सगळे सोमवार एकदम आठवले.

पाचव्या खड्ड्यावर झाकण टाकलं, आणि फाटकाशी जीपचा हॉर्न वाजला. पत्रात दहाची वेळ होती. आत्ता सव्वाआठ.

मॅडम एकट्याच, स्वतः जीप चालवत आलेल्या. चाळिशीच्या आसपास, उन्हानं रापलेल्या, बुटांवर धूळ, डोळ्यांखाली काळं. उतरल्या त्याच मुळी कंबर धरून.

“लवकर आले, काका. रात्रभर गडगडत होतं ना, झोपच लागेना. म्हटलं एखादी पडताना तरी सापडेल.”

“नुसताच आवाज झाला.”

“नेहमीचंच आहे ते,” मॅडम म्हणाल्या आणि आभाळाकडे अशा बघायला लागल्या की जणू ते त्यांचं देणं लागत होतं.

कंट्रोल रूममध्ये त्यांनी रजिस्टरं मागितली. एकोणीस वर्षांची एकोणीस. ऑपरेटरनं टेबलावर थप्पी लावली. त्या पानं उलटत, फोटो काढत होत्या. “बारकाईनं नंतर बघेन, आत्ता नुसते घेऊन ठेवते.” त्यांचं बोट एका सोमवारावरून सरकलं, दुसऱ्यावरून सरकलं. ऑपरेटर भिंतीवरच्या मीटरकडे बघत उभा राहिला. ज्याला डोळे आहेत त्याला आज ना उद्या दिसेलच, असं एक मन म्हणत होतं. दुसरं म्हणत होतं, एकोणीस वर्षांत कुणाला दिसलं?

तेवढ्यात क्वार्टरच्या दारातून हाक आली. “ठोंब्या! कोण आलंय? बाईमाणसाची पावलं आहेत. उभीच ठेवू नकोस तिला, चहा टाकलाय मी!”

चोपन्न वर्षांच्या माणसाला ठोंब्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं, ती त्याची थोरली बहीण. सगळे तिला आक्का म्हणत. बारा वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांची नस सुकली आणि दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून ती इथं, यार्डाला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये. त्याआधी त्याचं लग्नही होऊन गेलं होतं. बायको तीन वर्षं राहिली, ‘या घूं-घूंत मला झोप लागत नाही’ म्हणून माहेरी गेली, ती तिकडचीच झाली.

पण ज्या घूं-घूंनं बायको पळाली, त्याच घूं-घूंवर आक्का तगली. मोठा ट्रान्सफॉर्मर रात्रंदिवस एका सुरात घूं करत असतो. आक्काला तो जिथून ऐकू येतो ती उत्तर. उजव्या कानात घूं असलं की समोर चूल, पाठीशी असलं की पुढं नळ, दोन्ही कानांत सारखं आलं की दार. काठी न घेता ती अख्ख्या आवारात फिरायची, भाजी निवडायची, कपडे वाळत घालायची. शहरातली ती तिसऱ्या मजल्याची जागा बघायला तो तिला घेऊन गेला होता. खोलीच्या मधोमध उभी राहून तिनं मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मग हळूच खाली फरशीवर बसली. “ठोंब्या, इथं सगळीकडून सारखाच कालवा येतोय रे. मी कुठं तोंड करून बसलेय?” परतीच्या वाटेवर ती एक शब्द बोलली नव्हती. आक्का आणि गप्प! त्या गप्प बसण्याचंच त्याला भय होतं.

“तूच का गं वीज धरायला आलीस?” मॅडमच्या हातात अचूक कप देत आक्का म्हणाली.

“धरता येते का ते बघायला आले, आजी.”

“आजी नको बाई, आक्का म्हण. आजी म्हटलं की माझे गुडघे दुखायला लागतात. बरं, आणि धरून ठेवणार कशात? डब्यात?”

मॅडमना हसू आलं. “तिथंच तर घोडं पेंड खातंय. ती येते पापणी लवायच्या आत, आणि येते ती सगळी एकदम. समजा महिन्याभराचं पाणी एका क्षणात नळातून आलं, तर भांडं कुठलं लावाल?”

“भांडंच फुटेल.”

“फुटतंच. तीन फुटली आमची. आता चौथं केलंय.”

“आणि असते किती एकीत?”

“सगळीच्या सगळी हाती लागली तर एका घराचा महिना निघेल. पण लागत नाही ना. बरीचशी उजेडात, आवाजात आणि उष्णतेत उडून जाते.”

“म्हणजे गाजावाजाच जास्त.” आक्का पदराला हात पुसत खाली बसली. “मग एवढा खटाटोप कशाला गं, एका घराच्या महिन्यासाठी?”

मॅडमनी चहाचा कप दोन्ही हातांत धरला. “लोक मला हेच विचारतात. घरचेसुद्धा. म्हणतात, मृगजळामागं लागलीय. विकायला नाही हो मी धरत. धरताच येत नाही असं सगळे म्हणतात, म्हणून एकदा धरून बघायचीय. चार वर्षं जागा शोधतेय. जिथं वर्षाला एखाद-दोन विजा पडतात तिथं मी खांब रोवून बसले तर म्हातारी होईन. आणि मग तुमच्या यार्डाचा आकडा दिसला. नकाशावर लाल ठिपका! एका वर्षात चोपन्न विजा. म्हणजे बघा, जवळजवळ दर आठवड्याला एक!”

ऑपरेटरच्या कपातला चहा बशीत आला, बशीतून पँटवर आला.

“दर आठवड्याला?” आक्का म्हणाली. तिनं मान भावाच्या दिशेनं वळवली, अगदी नेमकी. “दर आठवड्याला वीज पडते इथं?”

ऑपरेटर खाकरला. आक्काच्या कपाळावर एक आठी आली, मग तीही गेली. “चहा आणखी देऊ का गं?” एवढंच ती म्हणाली, आणि उठून चुलीकडे गेली.

दोघं यार्डात आले. दूर कुठंतरी आभाळ पुन्हा गुरगुरत होतं. मॅडम खडीवर गुडघे टेकून पहिल्या काउंटरपुढे बसल्या, रुमालानं काच पुसली, आत वाकून बघितलं.

“चाळीस वर्षं जुने आहेत हे, नाही? काका, हे नीट चालतात ना?”

“चालतात की.”

“कशावरून?”

त्यानं बुटाच्या टोकानं खडी सारखी केली.

“नाही, मी आपलं विचारतेय. उद्या कुणी म्हणालं की यंत्र म्हातारं झालंय, कधी अडकतं, कधी आपणहून पुढं पळतं, तर मी काय उत्तर देऊ? तुम्ही म्हणता चालतात. पण कशावरून?”

एकतीस वर्षांत हे त्याला कुणीही विचारलं नव्हतं. साहेब आले, गेले, रंग लावून गेले, झाडं लावून फोटो काढून गेले. काउंटर चालतात कशावरून, असं विचारणारं माणूस आज पहिल्यांदा त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलं होतं. आणि त्याचं उत्तर त्याच्या कपाटात होतं.

“थांबा,” तो म्हणाला.

खडीवरून कंट्रोल रूमकडे जाताना अर्ध्या वाटेत त्याचे पाय थांबले. डावीकडे ट्रान्सफॉर्मर घूं करत होता. क्वार्टरच्या दारात आक्का उभी होती, मान जराशी तिरपी करून, त्याच्या पावलांकडे कान लावून. अजूनही परत फिरता येत होतं. ‘कंपनीचा दाखला आहे’ म्हणून ठोकून द्यायचं, संपलं. मॅडमनी मानलंही असतं. त्यांनाही मानायचंच होतं. पण मग एक दिवस इथं खांब उभा राहील, आणि ही बाई त्याखाली चौथं भांडं लावून बसेल. पहिला आठवडा, दुसरा आठवडा. रोज सकाळी येऊन विचारेल, काका, पडली का? आणि आपण नरसाळ्यात पाणी ओतत म्हणायचं, नाही अजून. किती वर्षं म्हणायचं?

तो चालू लागला. पेटी घेऊन आला. हातमोजे चढवले, दांडी फिरवली, टोकं टेकवली. टक्. दुसऱ्या काउंटरवर टक्. तिसऱ्यावर टक्.

“अरे वा!” मॅडमचा चेहरा उजळला. “तिन्ही ठणठणीत!” त्यांनी वहीत लिहायला घेतलं. दोन ओळी लिहिल्या. तिसरीत पेन थांबलं.

“काका, हा आत्ता वाढलेला एक आकडा मागं घेता येतो?”

“नाही. काउंटर पुढंच जातो.”

“मग रजिस्टरात काय लिहिता?”

“जो दिसतो तो.”

“आणि ही चाचणी कधी करता?”

“सोमवारी.”

“कुठल्या सोमवारी?”

“सगळ्या.”

मॅडम हळूहळू मागं सरकल्या आणि सहाव्या खड्ड्याच्या झाकणावर बसल्या. नुसतं घूं.

“चोपन्न वजा बावन्न,” शेवटी त्या म्हणाल्या.

“दोन. मधल्या काउंटरचे तीन आहेत.” मधल्यावर अन्याय नको म्हणून त्यानं सांगितलं. “त्यातलीही एखादी लांब कुठंतरी पडलेली असते. तारेवरून नुसती झुळूक येते.”

“नकाशावरचा लाल ठिपका म्हणजे तुम्ही तर.”

ऑपरेटरनं मान खाली घातली. मॅडमच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. त्याला वाटलं रडताहेत, पण त्या हसत होत्या. दमलेलं, आवाज नसलेलं हसू. मग त्यांनी डोळे पुसले, ते मात्र हसण्याचेच होते असं त्याला छातीठोक सांगता आलं नसतं.

“चार वर्षं,” त्या म्हणाल्या. “दर सोमवारी माणूस बटाटे आणायला जातो, तसे तुम्ही विजा पाडताय.”

“आधी रकाना होता,” तो म्हणाला. “शेऱ्याचा. मग तो गेला. मी पत्र टाकलं होतं.” आणि मग रकान्याची, पत्राची, चष्मेवाल्यांच्या नाडीची सगळी कथा त्यानं सांगितली. इतकं सलग तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता.

“तुम्ही नुसतं ‘चालतात’ म्हटलं असतंत तर मला कळलंच नसतं.”

“म्हटलं होतं की आधी. तुम्ही पुन्हा विचारलंत.”

मॅडमनी त्याच्याकडे नीट बघितलं. “इथं आता नाही जमणार, काका. मला अहवालात खरं लिहावं लागेल.”

“लिहा.”

“मग तुमचं?”

“तिसरा मजला,” तो म्हणाला. त्यांना काही उलगडा झाला नाही, आणि त्यानंही उलगडून सांगितलं नाही.

त्या उठल्या, पँटची धूळ झटकली. जीपकडे जाता जाता म्हणाल्या, “बाकी सगळीकडे तर शून्यच शून्य आहेत. आता कुठं जाऊ?”

“शून्य?” ऑपरेटर थांबला. “सगळीकडे? वर्षानुवर्षं?”

“हो. डोंगरावरच्या दोन ठिकाणीसुद्धा.”

“मग ते मेलेले असतील. नाडी बघितलीय का कुणी?”

मॅडमचा हात जीपच्या दारावरच राहिला. त्या परत फिरल्या, सरळ कंट्रोल रूममध्ये गेल्या. चालू रजिस्टर उघडलं, पट्टी घेतली, आणि आजच्या पानाच्या उजव्या कडेला उभी रेघ मारली. वर लिहिलं, ‘शेरा’. रजिस्टर त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं पेन घेतलं. एकोणीस वर्षांनी त्यानं तो शब्द लिहिला. ‘चाचणी.’ मॅडमनी खाली सही केली.

“ती पेटी मला न्यायला मिळेल? डोंगरावरच्या दोन्ही ठिकाणी फिरवून आणते.”

“पेटी यादीत आहे. देता येत नाही.” त्यालाच वाईट वाटलं. “पण करायला सोपी आहे. आत काय आहे ते लिहून देतो.” आणि त्यानं एका पाठकोऱ्या कागदावर तिचं चित्र काढून दिलं, दांडीसकट.

जीप गेली. धूळ खाली बसायलाही दमली होती, बराच वेळ फाटकाशी रेंगाळली. तो क्वार्टरच्या पायरीवर येऊन बसला. आक्का शेजारी परात घेऊन शेंगा सोलत होती.

“आज उशिरा झाली टकटक,” ती म्हणाली.

“हो.”

“मला वाटलं, आज सोमवार पळवलास तू. बारा वर्षं तुझी टक्‌टक्‌टक् झाली की मी समजते, लागला आठवडा. ती दर आठवड्याला एक म्हणाली ना, तेव्हाच मी ओळखलं ही कुठली वीज ते.”

“मग बोलली का नाहीस?”

“मी कशाला बोलू? काउंटर तुझे.” एक शेंग तिच्या बोटांत किडकी लागली, तिनं ती बाजूला टाकली. “जायचं तर मग.”

“जायचं.”

“तिथं घूं नाही.”

“नाही.”

तिची बोटं थांबली. तो वाट बघत राहिला, ती आता गप्प होणार म्हणून. परातीत तीन-चार दाणे पडले.

“तो फ्रिज का काय म्हणतात, तो करतो ना रे घूं?” ती म्हणाली.

“करतो थोडं. घेऊ एक.”

“उत्तरेच्या भिंतीला लावशील. आणि जुनाच घे. नवे मुके असतात म्हणे.”

“बघतो.”

“बघतो नाही. ऐकून घे. दुकानात कान लावून ऐक, चारदा ऐक.” तिनं परात मांडीवर ओढली. “आणि आता ऊठ. सात खड्डे राहिलेत तुझे. पाचच वेळा झाकण वाजलंय सकाळपासून.”

आभाळ पुन्हा एकदा गुरगुरलं, नदीपलीकडे, नव्या सबस्टेशनच्या बाजूला. थेंब काही पडेना. ऑपरेटरनं गुडघ्यावर हात टेकला, उठला, नळाखाली झारी धरली. धार बारीक होती, भरायला वेळ लागला. मग त्यानं सहाव्या खड्ड्याचं झाकण उचललं आणि नरसाळ्यात पाणी ओतलं.

एक झारी झाली. तो दुसरी आणायला वळला.